झोपाळ्यावरची मुलाखत

मिरजेतल्या एका संशोधन संस्थेने काही मुलांच्या तब्येतीची नोंद त्यांच्या जन्मापासून ठेवली होती. मुलं सोळा वर्षांची झाली आणि प्रश्नांना उत्तरंच देईनात. संचालक डॉ. बल्लाळांनी फर्मान काढलं, गप्प बसणाऱ्यांची नावं अभ्यासातून काढून टाका. संस्थेतल्या जुन्या परिचारिका हेमांगीला ते पटेना. यातली कितीतरी मुलं तिने तान्ही असताना वजनकाट्यावर ठेवली होती.

संध्याकाळी ती बल्लाळ सरांच्या घरी गेली. सर झोपाळ्यावर होते. शेजारी त्यांच्या आई शेंगा सोलत बसल्या होत्या.

"सर, आपण पोरांना घरी, आईसमोर विचारतो. तिथे ती बोलतील कशी?"

"अहो बाई, साधे प्रश्न आहेत! लपवण्यासारखं काय आहे त्यात? कार्टी बेफिकीर आहेत, दुसरं काही नाही."

"मग तुम्हीच द्या ना उत्तरं. पहिला प्रश्न, गेल्या महिन्यात सिगारेट ओढलीत का?"

आईंचे हात थांबले. झोपाळाही थांबला.

"हे काय भलतंच?" सर पुटपुटले.

"आपलाच प्रश्न आहे, सर. आता दुसरा, घरच्यांपासून लपवून..."

"हळू बोला हो! चला, आपण गच्चीवर जाऊ."

"येते की. पण आधी सांगा, पोरांची नावं काढायची, की त्यांनाही गच्चीवर न्यायचं?"

"न्या, न्या! सगळ्यांना न्या," सर घाईघाईने उठत म्हणाले.

"पोरांना ने गं बाई," आईंनी पुढची शेंग फोडली. "सुधाकर, तू मात्र इथेच बस. तुझी उत्तरं मी घेते."