कृपेचे दार कोणी लावले?

एकदा एका गावातील काही कुटुंबांनी बटाट्याचे उभे पीक जमिनीतच सोडून दिले. दूर अमेरिकेतली, पावणेदोनशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. गावातील एका वृद्ध ख्रिस्ती उपदेशकांनी धर्मग्रंथ अभ्यासून सांगितले होते, की येत्या शरदात अमुक दिवशी प्रभू पृथ्वीवर परत येणार. ज्यांनी विश्वास ठेवला, ते बटाटे कशाला खणतील? तो दिवस उजाडला आणि मावळला. प्रभू आला नाही.

माणसे ढसाढसा रडली. गावाने टर उडवली. पुष्कळ जण उपदेशकांची उपासक मंडळी सोडून गेले. उरलेल्यांनी मनाची समजूत घातली, की दिवस चुकलाच नव्हता. त्या दिवशी स्वर्गात कृपेचे दार बंद झाले. प्रभूची वाट पाहणारे तेवढे आत, बाकीचे कायमचे बाहेर. वृद्ध उपदेशक यावर काही बोलले नाहीत. त्यांचा तरुण शिष्य एझ्रा याने मात्र हे मत उराशी धरले. इतकी थट्टा सोसल्यावर काहीतरी आपल्या हाती उरले आहे, एवढाच त्याला आधार होता.

हिवाळ्यात त्याची थोरली बहीण लिडिया आली. आईमागे तिनेच त्याला वाढवले होते. ती लांबच्या शहरात सूतगिरणीत कामाला असे. त्या दिवसाची वार्ता तिच्यापर्यंत धड पोहोचलीही नव्हती. नवरा वारल्यावर ती भावाच्या आश्रयाला आली आणि मीही प्रार्थनेला येऊ का, असे विचारू लागली. एझ्राला नाही म्हणवेना, हो म्हणण्याचे धैर्य होईना. शेवटी मान खाली घालून त्याने सांगितले, की आता उशीर झाला आहे.

तिने वाद घातला नाही. प्रार्थनाघराच्या पायरीवर शाल घट्ट ओढून ती आतले गाणे ऐकत बसली. आत एझ्रा गायला उभा राहिला, पण त्याचे लक्ष दाराकडेच होते. ज्या स्वर्गात ताई नसेल, तिथे आपण काय करणार, हा प्रश्न त्याला कित्येक दिवस झोपू देत नव्हता.

इतक्यात उपदेशक उठले. सर्वांदेखत बाहेर गेले आणि लिडियाशेजारी त्या गार पायरीवर बसले. गाणे थांबले. एझ्रा मागोमाग धावला. थंडी बाधेल, आपली जागा आत आहे, अशी तो विनवणी करू लागला.

"माझी जागा इथेच आहे," उपदेशक शांतपणे म्हणाले. "तो दिवस मी सांगितला होता, आणि तो चुकला. हिने तर कोणाला चुकीचे काही सांगितले नाही. त्या दिवशी दार खरोखर लागले असेल, तर पहिला बाहेर राहिलो तो मी. पण त्यानंतरही देवाने मला क्षमा केली आहे, एझ्रा. मला ती रोज जाणवते. दार बंद होते, तर ती आली कुठून?"

एझ्राने मागे उघड्या राहिलेल्या दाराकडे पाहिले.

"दिवस ठरवणे आपले काम नव्हते, बाळा. मग दार लावणे तरी आपले कसे असेल?"

एझ्राच्या छातीवरची शिळा जणू कोणी उचलून बाजूला ठेवली. तो हुंदके देऊ लागला आणि त्यातच त्याला हसूही आले. "ताई, आत चल," तो म्हणाला. "पाय गारठले असतील तुझे." एका हाताने त्याने बहिणीला उठवले, दुसऱ्याने गुरूंना. आतली माणसे न सांगता बाकावर सरकून बसली.

अंदाज चुकला की माणूस इतरांवर कठोर होऊ लागतो. मऊ होण्याची वेळ खरे तर तीच असते.