पायांची रास

चपला काढा आधी. चिखल आहे म्हणून नव्हे, समोर रास आहे म्हणून. ही पांढरी टेकडी दिसते ना बांधाच्या टोकाला, तिला आम्ही पायांची रास म्हणतो. मिठाचीच आहे, चाखून बघा हवं तर.

फार जुनी गोष्ट. मिठाचा वाफा आधी पायांनी तुडवून घट्ट करावा लागतो, तेव्हा कुठे मीठ स्वच्छ येतं. कोळथ्याच्या या मिठागरात, आमच्या आगरात, जोमासारखं तुडवणारा दुसरा नव्हता म्हणे. तीस वर्षं तुडवता तुडवता खाऱ्या पाण्याने त्याचे तळवे उलले, जखमा भरेनात. शेवटी तो बांधावर बसला तो बसलाच. आगराचा नियम असा, की जो वाफ्यात उतरेल त्यालाच मीठ.

जोमाची बायको धर्मी घरोघर फिरली. प्रत्येकाने एकेक पाटी मीठ दिलं तर आमची चूल पेटेल, म्हणाली. नाही कुणीच म्हटलं नाही हो! सगळे म्हणाले, उद्या बघू. या उद्याने किती घरं उपाशी ठेवली असतील, देव जाणे. मुकादम चांगूही तेच म्हणाला. मग एका सकाळी दोघं पलीकडच्या गावी भीक मागायला निघाली. धर्मीने नवऱ्याला आधार देत, वाफ्यांमधून, होडीच्या धक्क्याकडे नेलं.

त्या दिवशी खाडीवर धुकं उतरलं होतं, असं सांगतात. धुकं विरलं, ऊन तापलं, पण वाफ्यांत मीठ धरेना. पाणी नुसतं निवळ. त्यात ढग हळूहळू चालत होते, आणि बायका पाट्या घेऊन काठावर उभ्या. बघता बघता तळाशी एक पाऊल पांढरं झालं. मग त्यापुढे दुसरं. बाकी सगळं पाणीच, मीठ धरलं ते फक्त जोमाच्या पावलांत. एकामागून एक पांढरी पावलं उमटत धक्क्याकडे निघाली, आणि माणसं त्यांच्यामागून गेली.

होडी सुटायचीच होती. चांगू गुडघाभर पाण्यात शिरला, होडीचा काठ धरला आणि म्हणाला, "जोमा, तुझे पाय आमच्या मिठात राहिलेत. तुला जाऊ कसं देऊ?"

जोमा म्हणाला, "माझ्या एकट्यासाठी थांबवत असशील तर सोड होडी. माझ्यानंतर ज्याचे पाय जातील, त्यालाही मीठ देणार का?"

चांगूने होडी ओढून काठाला लावली. त्या संध्याकाळी प्रत्येकाने घरी जाताना एकेक पाटी इथे ओतली.

आजही काम सुटलं की शेवटची पाटी राशीवर पडते. कुणाची केवढी, कुणी बघत नाही. आमची निम्मी माणसं आता पलीकडच्या कारखान्यात जातात. तीही पगाराच्या दिवशी आगरातून एक पाटी विकत घेऊन इथे ओततात, आणि या वर्षी त्यांच्याबरोबर त्यांचे परगावचे सोबतीही आले. ही रास विकून येणाऱ्या पैशावर गावचा दवाखाना चालतो, आणि थकलेल्यांच्या चुली.

मला उठायला सांगू नका. माझे तळवे बघितलेत? सहा वर्षं झाली, मी वाफ्यात उतरलेलो नाही. आज सकाळी पोटभर जेवलोय.