चोपन्न किलोंची लढत

हिंगमिरेसाहेब कधीकाळी चोपन्न किलो गटात बॉक्सिंगचे चॅम्पियन होते. आता ते संघटनेचे अध्यक्ष होते आणि निवडीच्या यादीवर सही करण्याआधी प्रत्येक नव्या बॉक्सरला जुन्या काळाशी ताडून बघायचे. त्यात कुणी पास झाल्याचं ऐकिवात नव्हतं. साहेबांचा दुसरा लौकिक वजनाचा. सकाळी आठच्या आत ज्याचं वजन गटात बसलं नाही, तो बाद आणि समोरचा विजयी. एसटी बंद पडो नाहीतर ताप येवो, सबब चालत नसे.

निवडीच्या दिवशी दस्तगीर मुलाणी काट्यावर चढला आणि बरोबर चोपन्न भरला. तरी साहेबांनी पेन खाली ठेवलं.

“तुम्ही आजकालची पोरं म्हणजे नुसती फुगवलेली. मी तुला पहिल्याच फेरीत आडवा केला असता. मला हरवून दाखव, मग राज्य स्पर्धेला जा.”

दस्तगीरने खाली उतरून टॉवेलने काटा पुसला.

“लढत मान्य आहे, साहेब. माझं वजन झालं, आता तुम्ही चढा.”

पंच साहेबांच्या पोटाकडे बघू लागले. साहेबांनी सफारीचं बटण लावून पाहिलं, ते लागेना.

“अरे, मी तेव्हाच्या हिंगमिरेबद्दल बोलतोय.”

“मग त्यांना बोलवा. आठला दोन मिनिटं आहेत.”

साहेब काट्याकडे फिरकलेच नाहीत. आठ वाजले, तसं पंचांनी यादी साहेबांपुढे सरकवली आणि पेनचं टोपण काढून दिलं.