भिवराआत्याच्या झोळीची घोडी

या गोष्टीला इतकी वर्षं लोटली, की तेव्हा गादीवर कोण राजा होता हेही आता कुणाला आठवत नाही. त्या काळी एका डोंगराच्या माथ्यावर लांबरुंद पठार होतं. काळा कातळ, त्यावर गुडघाभर गवत आणि दिवसभर सुटलेला वारा. झाड म्हणाल तर औषधालाही नाही. पठाराच्या कडेकडेने सात वाड्या होत्या आणि त्या सात वाड्यांत मिळून एकच सुईण होती. तिचं नाव भिवरा. लहानथोर सगळे तिला भिवराआत्या म्हणत.

डोंगराच्या पायथ्याच्या गावात केरबा राहायचा. सुपं, टोपल्या, कणग्या विणायचा. बांबू चिरून चिरून त्याच्या बोटांना घट्टे पडले होते आणि संध्याकाळी हात वर उचलायचाही त्याला कंटाळा येई. पण त्याच्या हातची वस्तू मोडली असं कुणी कधी ऐकलं नव्हतं, आणि या गोष्टीचा त्याला फार अभिमान होता.

एके दिवशी भिवराआत्या त्याच्या अंगणात आली आणि फणसाच्या बुंध्याला टेकून उभी राहिली. बसली मात्र नाही.

"बस की आत्या," केरबा म्हणाला.

"बसले तर उठता येत नाही रे. कमरेनं दावा मांडलाय. एका वाडीहून दुसऱ्या वाडीला जायचं म्हणजे अर्धा दिवस चाल. मध्ये घटकाभर पडावंसं वाटतं. कातळावर पडले की गारवा हाडात शिरतो, आणि मग उठवायला दोन माणसं लागतात. झोळीत पडले तर बरं वाटतं. पाय खाली सोडले की उभी राहते. पण पठारावर झोळी बांधू कशाला?"

"मग मी काय करू?"

"मला एक झाड करून दे," आत्या थकल्या आवाजात म्हणाली. "पाठीवर नेता येईल असं."

केरबा हसला आणि कामाला लागला. बांबूच्या बनात जाऊन त्याने जाडजूड कळक तोडून आणले. खाली लाकडी बैठक, दोन्ही टोकांना तिहेरी पाय, वर मांडीएवढा जाड आडवा बांबू. आठ दिवस राबून त्याने झोळी टांगायची घोडी उभी केली. शेजारचे दोन गडी एकदम झोळीत बसले, तरी ती कुरकुरली नाही.

"हत्ती झोपला तरी हलायची नाही," केरबा म्हणाला.

आत्या झोळीत पडली. तिने डोळे मिटले. केरबाला वाटलं, तिला झोप लागली. पण तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"बरं वाटतंय रे," ती म्हणाली.

गड्यांनी घोडी सोडून भारा बांधला आणि आत्याच्या पाठीवर चढवला. ती वाकली, थोडी डगमगली, मग चालू लागली. केरबाने ते पाहिलं. पण म्हातारी माणसं वाकूनच चालतात, असं त्याने मनाशी म्हटलं आणि पुढची टोपली विणायला घेतली.

पावसाळा आला आणि गेला. गवत पिवळं पडलं. केरबा टोपल्यांचा भारा घेऊन वरच्या वाड्यांना निघाला. घाट चढून पठाराच्या कडेला पोचला, तर एका खडकाच्या आडोशाला त्याला आपली घोडी दिसली. कळक पावसाने काळे पडले होते. दोरांवर बुरशी धरली होती. एक रानवेल पार बैठकीवर चढली होती.

केरबाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आठ दिवस हाडं झिजवून केलेली वस्तू, आणि आत्याने ती पहिल्याच चढाला टाकून दिली! जाब विचारायचाच, असं ठरवून तो तरातरा वाडीकडे निघाला.

वाडीत पहिल्याच घरापाशी तो थबकला. चूल पेटलेली नव्हती. ओटीवर एक तरुण बाई भिंतीकडे तोंड करून निजली होती. तिची सासू नुसती बसून होती. बाहेर अंगणात, पेंढ्याच्या ढिगावर भिवराआत्या पडली होती.

"काय झालं?" केरबाने हळूच विचारलं.

सासू म्हणाली, "मूल गेलं. काल संध्याकाळी. आडवं आलं होतं. आत्या वेळेवर असती तर..."

आत्या डोळे न उघडता म्हणाली, "तिचं खरं आहे. सांगावा देणारा पुढे पळाला अन् मी पलीकडच्या वाडीहून लगेच निघाले. अर्ध्या वाटेत कमर धरली. जरा टेकले कातळावर, अन् उठताच येईना. हाका मारल्या, तर वारा हाका घेऊन जाई. गवत कापणाऱ्या बायांनी पाहिलं, तेव्हा उन्हं कलली होती. आई तेवढी वाचली."

केरबाचा राग कुठल्या कुठे गेला. पण मनातला प्रश्न विचारल्यावाचून राहवेना.

"आत्या, घोडी होती ना तुझ्यापाशी. ती का टाकलीस?"

"तू ती पाठीवर घेऊन पाहिली होतीस का?"

"घेतली होती. अंगणातून दारापर्यंत."

"मी घाट चढेपर्यंत नेली. पुढे जीव राहिला नाही."

"मग सांगायचं होतंस!"

"तू इतक्या हौसेनं केलीस. आणि सांगायलासुद्धा ताकद लागते, केरबा." तिने कूस बदलायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "तुला बोल लावत नाही मी. पण आता माझं झालं. वाड्यांना सांगून टाक, भिवरा आता येणार नाही."

त्या दिवशी केरबाने टोपल्या विकल्या नाहीत, वाडीतच ठेवल्या. परत येताना त्याने वेल तोडली, घोडीचा भारा बांधला आणि पाठीवर घेतला. अर्ध्या घाटात दोर खांद्यात रुतला. तीन वेळा भारा टेकवला, चौथ्या वेळी तो स्वतःच खाली बसला. त्याचं वय आत्याहून वीस वर्षांनी कमी होतं, आणि तो तर उतरत होता.

घरी आल्यावर तो दोन दिवस काहीच न करता पडून राहिला. तिसऱ्या दिवशी उठला आणि बनात गेला. या वेळी त्याने कळकाला हात लावला नाही. भरीव, दोन बोटं जाडीचा चिवा बांबू निवडला. सहा काठ्या कापल्या, सगळ्या एका मापाच्या, म्हणजे भारा सुटसुटीत होईल. दोन-दोन काठ्या वरच्या टोकाशी कात्रीसारख्या बांधून दोन पाय झाले. उरलेल्या दोन जोडून आडवा दांडा. जोडाला त्याने बांबूची एक पोकळ नळी घेतली. दोन्ही बाजूंनी काठ्या आत सारल्या आणि स्वतः झोळीत पडला. काठ्या नळीतून सरकल्या आणि केरबा दाणकन जमिनीवर आला.

कंबर चोळत तो उठला. दुसरी नळी घेतली, तिच्या मधला पेराचा पडदा मात्र पोखरला नाही. आता दोन्ही काठ्या त्या पडद्यावर जाऊन अडल्या. दांडा टिकला.

पण सगळी घोडी वाऱ्याने डोलत होती. खुंट्या माराव्यात, तर कातळात खुंटी शिरणार कशी? लाकडी बैठक द्यावी, तर पुन्हा वजन. केरबाने डोळे मिटून पठार आठवलं. तिथे काय आहे? दगड. पाहावं तिकडे दगड. मग ते पाठीवर कशाला न्यायचे? त्याने दोन्ही टोकांना लांब दोर बांधले आणि दोरांची टोकं अंगणातल्या धोंड्यांना आवळली. घोडी ताठ उभी राहिली.

ती घेऊन तो वाडीला गेला. आत्या आता काठी टेकत चालत होती.

"नको रे," घोडीकडे न बघताच ती म्हणाली. "आता कसलीच हौस उरली नाही."

"तू उचलू नकोस. मी उचलतो. तू फक्त माझ्यासंगं चल. जड झाली तर मीच सांगेन."

आत्या नाइलाजाने निघाली. केरबा तिच्या मागे, तिच्याच संथ पावलांनी चालू लागला. कोसभर गेल्यावर दोर खांद्याला काचला. त्याने थांबून तिथे गवताची चुंबळ घातली. दुसऱ्या कोसाला काठ्यांची टोकं पोटरीला लागू लागली. त्याने कोयत्याने वीतभर लांबी उतरवली. तिसऱ्या कोसाला तो स्वतः दमला, पण भाऱ्याने नाही, चालून दमला. तेव्हा त्याने भारा आत्याच्या पाठीवर दिला.

चार पावलं चालून ती थांबली. "एवढंच?"

"एवढंच."

भर दुपारी, उघड्या पठारावर, त्याने तिच्याकडूनच घोडी उभी करवली. काठ्या, नळी, दोर, चार धोंडे. तिच्या गाठी पक्क्या बसल्या. ती झोळीत पडली आणि बोलता बोलता झोपली. केरबा शेजारी कातळावर टेकला. खालून गारवा हाडात चढत होता. तो उठला नाही. किती चढतो ते पाहत बसला.

घटकाभराने पलीकडून एक माणूस धावत आला. त्याच्या बहिणीला कळा सुटल्या होत्या. आत्याने पाय खाली सोडले, उभी राहिली, दोर सोडले, भारा पाठीवर घेतला आणि निघाली. केरबा पुढे झाला, तसं तिने हाताने त्याला मागे सारलं.

त्या दिवशी ती वेळेवर पोचली. त्यानंतरही पाच वर्षं आत्या पठारावर फिरली, आणि त्या पाच वर्षांत जन्मलेल्या लेकरांनी सातही वाड्या गजबजल्या. जे मूल गेलं, ते मात्र गेलंच. त्या घरावरून जाताना केरबाची मान खाली जाई.

पुढे केरबाच्या घोड्यांना दूरदूरहून मागणी आली. गवत कापणाऱ्या बायांना लेकरं निजवायला हव्या असत, शेत राखणाऱ्यांना हव्या असत. लोक म्हणत, "चांगली भक्कम कर हं." केरबा त्यांना विचारी, "कुठवर न्यायची आहे?" आणि वस्तू झाली, की तेवढी वाट ती आधी स्वतःच्या पाठीवर नेऊन आणी. मगच ती दुसऱ्याच्या हाती देई.

म्हणून सांगतो, लहानांनो आणि मोठ्यांनो: थकलेल्याला आधार द्यायचा असेल, तर त्या आधाराचं ओझं आधी आपल्या खांद्यावर वाहून पाहावं.