पिल्लू यायच्या आधी

फार फार पूर्वी, मांजरं माणसांशी बोलायची तेव्हा, तुळसाच्या घरी कुत्र्याचं पिल्लू येणार होतं. तिने चपला फळीवर ठेवल्या, तेलाची बरणी उचलली, कोपऱ्यात गोणपाट अंथरलं.

“झाली बाई सगळी तयारी!” ती म्हणाली.

“कुठली?” मनी मांजर म्हणाली. “तुझी लेक ठकी माझी शेपटी ओढते, ते मी सोसते. पिल्लू चावेल, आणि तुम्ही त्यालाच हाकलाल.”

तुळसा वरमली. त्या दिवसापासून ती दीड वर्षाच्या ठकीचा हात धरून मनीच्या पाठीवरून अलगद फिरवू लागली.

पिल्लू आलं आणि भेदरून उंबऱ्याबाहेरच गुरगुरत बसलं. सगळ्यांनी चुचकारलं, तरी हलेना. ठकी दुडुदुडु त्याच्याकडे निघाली, तशी तुळसा तिला धरायला धावली. पण ठकी खाली बसली आणि तिने उघडा तळवा पुढे केला. पिल्लाने तो हुंगला, चाटला आणि उंबरा ओलांडला.