एका सुरातलं बेट

फार फार पूर्वी, समुद्र अजून अर्धाच खारट झाला होता, तेव्हाची ही गोष्ट.

सात समुद्रांपलीकडे एक धुक्याचं बेट होतं. तिथलं धुकं एवढं दाट, की बायका ते विळीवर चिरत आणि मगच अंगण झाडत. खोटं वाटतं? मग जाऊन या, मी थांबतो.

त्या बेटावर आपल्या मुलखातले एक गवईबुवा साथीदारांसह गेले. बिदागी नको, मानपान नको. परमुलखात गाणं वाटायचं, एवढीच हौस. पहिल्याच मैफलीत लाटा किनाऱ्यावर येऊन मांडी घालून बसल्या. उठायलाच तयार नाहीत!

बेटावरचे पुरुष मासेमारीला गेले, की बुवा बायकांना गाणं शिकवत. कुणाचा आवाज घोगरा, कुणाचा चिरका.

"बुवा, हिच्या गळ्यात बेडूक आहे हो!" एक म्हणाली.

"आणि तुझ्या गळ्यात अख्खं डबकं!" दुसरीनं फटकारलं.

बुवा हसले. "महिन्याभरात सगळ्यांना एका सुरात आणतो."

आणलंही. चाळीस जणी गायच्या, पण डोळे मिटले तर एकटीच कुणी स्वप्नात गातेय असं वाटायचं.

एके दुपारी होड्या परतायच्या वेळी धुकं खाली उतरलं. बायका आपापल्या दारासमोरच्या खडकांवर उभ्या राहिल्या आणि शिकवलेल्या सुरात साद घालू लागल्या. साद मधासारखी पसरली. पण होड्या जागीच घुटमळू लागल्या. एक खडकावर घासली, तिची फळी कडाडली.

एका म्हातारीनं बुवांचं उपरणं ओढलं. "अहो, धुक्यात आमचे गडी बायकोच्या आवाजावर होडी हाकतात. प्रत्येकीच्या दाराशी जायची वाट वेगळी. तुम्ही सगळ्यांचा आवाज एकच करून ठेवलात! आता कोण कुठं वळणार?"

बुवांचा चेहरा उतरला. ते ओरडले, "बायांनो, सोडा तो सूर! आपापल्या गळ्यानं हाका मारा!"

"तुमच्यासमोर? लाज वाटते!"

"हे बघा, मी कान धरतो. पण ओरडा!"

मग काय कल्ला उठला म्हणता! "अरे मेल्या, इकडे! भात निवतोय!" एकेक होडी वळली आणि बरोबर आपल्या दाराशी लागली. चाळीसच्या चाळीस.

दुसऱ्या दिवसापासून बुवा आधी प्रत्येकीला एकटीला गायला लावत, स्वतः गप्प बसून ऐकत, आणि मगच सगळ्यांना एकत्र घेत.

तेव्हा लहानथोरहो, सूर जरूर जुळवावा, पण त्यासाठी कुणाचा आवाज पुसू नये.