गवताचा पूल कापला तेव्हा

फार पूर्वी दक्षिण अमेरिकेच्या उंच डोंगरांत दोन शेजारी राज्यं होती. मधे खोल दरी आणि दरीवर गवताच्या दोरांचा एकच पूल. एका सेनापतीने दोन्ही राज्यं एक केली. दोन्ही काठांवरच्या गावांनी शपथ घेतली, "आता तुमचं संकट ते आमचं संकट."

समुद्राकाठच्या तिसऱ्या राज्याला धास्ती बसली. "हे दोघे एकत्र राहिले, तर उद्या आपल्याला गिळतील!" त्याने फौज पाठवली.

दरीच्या अलीकडच्या गावात रोज वाईट बातम्या येऊ लागल्या. कुठे घरं जाळली, कुठे माणसं धरून नेली. धूर दिसेल म्हणून कुणी चूल पेटवेना. अशात एक फेरीवाला कुजबुजला, "पलीकडचे फितूर झालेत. तुम्हाला शत्रूच्या हवाली करणार आहेत."

गाव हादरलं. मुखिया म्हणाला, "पूल कापा!"

"थांबा," पूल विणणारी सीसा म्हणाली. "मी पलीकडे जाऊन विचारून येते."

तिने पुलावर पाऊल ठेवलं. तेवढ्यात पलीकडून शंभरेक माणसं धावत येताना दिसली. हातवारे करत ती काहीतरी ओरडत होती, पण नदीच्या आवाजात शब्द कळेनात. फेरीवाल्याचं बोलणं खरंच असावं, असं सीसाला वाटलं. ती मागे फिरली.

"काय करायचं?" मुखियाने विचारलं.

सीसाने मान खाली घातली. दोर कापले गेले. पूल समोरच्या कड्यावर जाऊन आदळला.

आणि मग मागून नगारे ऐकू आले. शत्रू गावामागच्या खिंडीतून वर चढत होता!

सगळे दरीकडे पळाले. पलीकडे ती माणसं हताश उभी होती. त्यांच्या पाठीवर घोंगड्या होत्या, बटाट्यांची पोती होती. ती या गावाला आपल्याकडे न्यायला आली होती.

गाव शरण गेलं. पुढे दोन्ही राज्यं वेगळी झाली. तीन वर्षंसुद्धा एकत्र राहिली नाहीत.

गाव शरण गेलं त्याच दिवशी शत्रूचा सरदार दरीत डोकावून म्हणाला होता, "या पुलावर तुम्ही दोघे मिळून लढाल, या भीतीने मला आठ दिवस झोप नव्हती."



तात्पर्य: घाबरलेल्या मनाला मदतीला येणाराही वैरी वाटतो, म्हणून नातं तोडण्याआधी एकदा धीर करून विचारावं.